आपल्याला नक्की कुठला सुगंध आवडतो हे कसं ओळखायचं?

तिसरं_गेट

भाऊ पुण्यात असतो. दिवाळीला येताना परफ्युम आणतो म्हणाला आणि वर विचारलं, "फॅमिली कुठली, फ्लोरल, वुडी, फ्रेश का ऍम्बर?" मी म्हटलं, चांगल्या वासाचा आण की. तर म्हणे, बाटली तीन-चार हजारांच्या घरात जाते, तू सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही. बरोबर आहे त्याचं.

नेटवर बघितलं तर एकेका बाटलीखाली वीस-वीस नावं. बर्गमॉट, टोंका, लॅबडनम, पचौली. यातलं आपण जन्मात काय हुंगलंय? शेवटी ते सोडून दिलं आणि मला आवडणारे-नावडणारे वास कागदावर लिहून काढले. तीच यादी इथं देते. मी कुठल्या खात्यात बसते ते जाणकारांनी सांगा.

आवडतात: मरवा (गजऱ्यात फुलं कमी असली तरी चालतील, मरवा पाहिजे), माठातला वाळा, गवती चहा, बेळगावजवळ येळ्ळूरच्या आत्याकडे बासमती शिजताना घरभर पसरतो तो वास, म्हैसूर सँडलची नवी वडी कागदातून काढतानाचा वास, आणि वळवाचा पहिला पाऊस.

नावडतात: लग्नाच्या हॉलमधला निशिगंध, गाडीत आरशाला टांगतात तो फ्रेशनर, गुलाबाची अगरबत्ती, व्हॅनिलाचं काहीही.

कॉलेजात शिकवते, त्यामुळं वर्गात माझ्याआधी माझा वास पोचायला नको. परफ्युम, अत्तर, कशाबद्दलही सांगितलं तरी चालेल.

चिकोडीचा_चिकू

वाचनखूण साठवली. आमच्या घरात दोनच फॅमिली, लग्नाला मारायचा आणि रोजचा. रोजचा संपला की लग्नाचा रोजचा होतो.

हिरण्यकेशी

तिसरं_गेट ताई, ही यादी करून तुम्ही निम्मं काम उरकलंय. मी मूळचा संकेश्वरचा, आता मुंबईत साबण-पावडरींसाठी सुगंध बनवतात तिथं नोकरी करतो. आमच्याकडं नवीन पोरांना पहिले काही महिने हेच करायला लावतात: वास घ्यायचा, लिहायचं, आवडला का नाही ते लिहायचं.

भाऊ जे चार शब्द म्हणाला ते मायकेल एडवर्ड्स या सुगंधतज्ज्ञानं सगळे सुगंध गोलात मांडलेत त्या चक्रावरचे मोठे गट, म्हणजेच फॅमिली. चक्र एवढ्यासाठीच की शेजारचे गट एकमेकांत मिसळतात. फ्लोरलच्या शेजारी ऍम्बर, पुढं वुडी, मग फ्रेश, आणि फ्रेश फिरून परत फ्लोरलला येऊन मिळतो. ऍम्बरला पूर्वी ओरिएंटल म्हणायचे, एडवर्ड्सनी २०२१ मध्ये ते नाव काढून टाकलं. जुन्या लेखांत तेच दिसेल, गोंधळू नका.

आता आपल्याकडच्या वासांनी सांगतो.

फ्रेश म्हणजे ईडलिंबाची साल नखानं खरवडल्यावर उडतो तो फवारा. बर्गमॉट त्याच्याच भावकीतला, जरा चहासारखा कडवट. तुमच्या गवती चहात सिट्रल असतं, लिंबाच्या सालीतही तेच, म्हणून दोन्ही जवळचे वाटतात. कुस्करलेलं पान, ओलं गवत हेही याच बाजूला. हे रेणू हलके, लगेच उडतात, त्यामुळं नुसता लिंबाचा परफ्युम चार तास टिकत नाही म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

फ्लोरल सांगायला नको. गुलाब, मोगरा, सोनचाफा, बकुळ, सुरंगी.

ऍम्बर म्हणजे संध्याकाळी निखाऱ्यावर धूप टाकल्यावर खोलीत जे ऊबदार, गोडसर, चिकट काहीतरी भरून राहतं ते. लोबान, राळ, व्हॅनिला, लॅबडनम नावाच्या झुडपाचा चीक. झाडाची राळ कोट्यवधी वर्षं पुरून दगड होते त्या ऍम्बरचा इथं काही संबंध नाही, हा मिश्रणातून उभा केलेला वास.

वुडी: चंदन, वाळा, देवदार, पाच (म्हणजेच पचौली). वाळा आणि पाच लाकूड नाहीत, एक मूळ आणि एक पान, पण वासाच्या स्वभावानं तिथंच बसतात. हे जड रेणू, शेवटपर्यंत अंगाला धरून राहतात.

आता तुमची यादी. मरवा आणि गवती चहा फ्रेशच्या वनस्पतीवाल्या टोकाला, वाळा आणि चंदन वुडीत. नावडतीत निशिगंध आणि गुलाब म्हणजे फ्लोरल, व्हॅनिला म्हणजे ऍम्बर. म्हणजे चक्राचं एक अर्धुक तुम्हाला आवडतं आणि समोरचं अर्धुक नको. एवढी स्पष्ट यादी फार कमी लोकांची निघते. वुडी आणि फ्रेशच्या सीमेवर ऍरोमॅटिक म्हणून गट आहे: लॅव्हेंडर, रोजमेरी, सेज आणि खाली, म्हणजे वरचे वास उडून गेल्यावर उरतं ते, लाकूड. भावाला तो शब्द सांगा. फक्त दुकानात हा गट पुरुषांच्या रॅकवर असतो, ते मनावर घेऊ नका.

भात आणि पाऊस यांचं वेगळं सांगावं लागेल, नंतर लिहितो.

वडगावकर

हे सगळं माल मांडायला केलेलं दिसतंय. मोगरा आणि गुलाब एका खात्यात? गुलाबपाण्याचा वास आणि उन्हाळ्यात संध्याकाळी मोगऱ्याची वेणी घातलेली बाई शेजारून गेली तर येणारा वास, यांत काय साम्य ओ? फूल आहे एवढंच. उद्या कोबी आणि जास्वंद एका भाजीत घालाल.

शहापूरची_सून

वडगावकर काका, हसून हसून पुरेवाट. पण तुमचा मुद्दा खरा आहे. माझं सासर-माहेर दोन्ही गजऱ्यातलं. सासूबाई गणपत गल्लीतून फुलं आणताना बोट लावत नाहीत, नुसत्या वासावर कालचं की आजचं ते सांगतात. त्यांच्या लेखी फुलांचे दोनच प्रकार: अंगावर येणारी आणि न येणारी. मोगरा, निशिगंध, सोनचाफा, केवडा पहिल्यात. बकुळ, गुलाब, जुई दुसऱ्यात. तिसरं_गेटला निशिगंध नको असला तरी बकुळ आवडू शकेल असं मला वाटतं. फ्लोरल नावडतं असा शिक्का एवढ्यात मारू नका.

हिरण्यकेशी

सासूबाईंना आमच्याकडं नोकरीला पाठवा. त्या ज्याला अंगावर येणारी म्हणतात त्यातल्या मोगरा, जाई, निशिगंधाला आमच्यात पांढरी फुलं म्हणतात. त्यांच्यात इंडोल नावाचा रेणू असतो. तोच विष्ठेतही असतो. मोगऱ्यात अगदी थोडा, पण तो काढून टाकला तर उरतं ते साबणातलं फूल. कळीत तो कमी जाणवतो, फूल उमलून रात्र चढली की जास्त. निशिगंधानं भरलेल्या बंद हॉलमध्ये डोकं का धरतं, याचं अर्धं उत्तर इथं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे हॉलवाल्यांनी वरून मारलेला स्प्रे.

वडगावकर, माल मांडायला केलंय हे निम्मं खरं. पण गटांची काही नावं दुकानाच्या आधीची आहेत. १८८२ साली उबिगां या फ्रेंच घराण्यानं फुझेर रॉयाल नावाचा सुगंध काढला. वर लॅव्हेंडर, तळाला ओकमॉस आणि कौमरीन. कौमरीन टोंकाच्या बीमध्ये असतं, पण १८६८ मध्ये पर्किननं ते प्रयोगशाळेत बनवलं होतं, म्हणून हे जमलं. फुझेर म्हणजे नेचं, आणि नेच्याला सांगण्यासारखा वास नाही. बनवणाऱ्यानं कल्पनेनं रचला आणि पुढं त्या सांगाड्यावर शेकडो सुगंध निघाले. तसंच १९१७ मध्ये कोटीचा शिप्र: वर बर्गमॉट, तळाला लॅबडनम आणि ओकमॉस. म्हणजे या गटांत घटक कोणता यापेक्षा रचना कशी याला महत्त्व. शिप्रमध्ये गुलाब असला तरी ते गुलाबाचं अत्तर होत नाही.

ओकमॉस कसा असतो हे कळायला कुठं जायला नको. ते झाडावर वाढणारं दगडफूलच, जात वेगळी. मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल कोरडंच हातावर चोळा आणि हुंगा. ती ओलसर, मातकट, किंचित शाईसारखी झाक म्हणजे शिप्रचा तळ. फक्त आता खऱ्या ओकमॉसवर ऍलर्जीमुळं मर्यादा आल्यात, त्यामुळं जुन्या शिप्रांचे आजचे अवतार बरेच गुळगुळीत झालेत.

वडगावकर

दगडफूल हुंगलं. बायको बघत होती. काय करायलाय म्हणाली. शिप्र बघायलोय म्हटलं. बाकी मुद्दा पटला, पण पूर्ण नाही.

निपाणकर

तंबाखूचं कोणी बोललं नाही अजून, आणि मी निपाणीचा. परफ्युमच्या जगात टोबॅको नोट, म्हणजे तंबाखूच्या वासाची छटा, लई भारी समजतात. मध, सुकामेवा, चामड्याची खुर्ची, असली वर्णनं. आमच्या गल्लीत वखारी. हंगामात तंबाखूचे भोद उघडले की नाकात बारीक धूळ जाऊन शिंका. आई विड्या वळायची, तिच्या पदराला कायम तो वास. कंपनीतल्या मित्रानं एकदा महागातला टोबॅको परफ्युम मनगटावर मारला आणि विचारलं, कसाय? मला आईचा पदर आठवला, पण शेवटी खोकलाच आठवला. त्याला वाटलं मला किंमत कळाली नाही.

तेव्हा यादी करताना वास कशामुळं आवडतो हेही लिहा असं सुचवेन. वास आवडतो की त्या वासाबरोबरचं माणूस आवडतं? तिसरं_गेटना आत्याकडचा भात आवडतो. उद्या भाताच्या वासाचा परफ्युम मिळाला तर अंगावर मारून कॉलेजला जाणार का?

तिसरं_गेट

निपाणकर, प्रश्न चांगला आहे आणि उत्तर "नाही" असं आहे. भाताचा वास स्वयंपाकघरात पाहिजे, अंगावर नको. वाळ्याचा मात्र अंगावर पाहिजे. असा विचारच केला नव्हता.

हिरण्यकेशी

भाताचं राहिलेलं सांगतो. बासमती, आंबेमोहर, आणि काहींच्या परसात अन्नपूर्णेचं पान असतं ते, तिन्हींत वास मुख्यतः एकाच रेणूचा, टू-ऍसिटिल-वन-पायरोलिन. तो फार नाजूक, लगेच मोडतो, म्हणून बाटलीत टिकवणं अवघड. परफ्युममध्ये जी राइस नोट म्हणतात ती बहुतेक दूध, पावडर आणि किंचित गोडव्यानं रचलेली असते. येळ्ळूरचा भात बाटलीत मिळणार नाही.

आणि गोड आवडणाऱ्यांसाठी: गूरमाँ असा एक उपगट आहे, खाण्याच्या वासांचा. १९९२ च्या एंजल या परफ्युमपासून त्याचं पेव फुटलं. त्यात एथिल माल्टॉल, म्हणजे पाक जळायच्या आधीचा करपट गोड वास, आणि खाली भरपूर पाच. गुऱ्हाळात काहील उतरवायच्या वेळी उभं राहिलात तर हा गट कळतो. कुंदा आटत आल्यावरही. आमच्या संकेश्वर-हुक्केरी पट्ट्यातल्या माणसानं गूरमाँला नावं ठेवू नयेत, पण मला स्वतःला दहा मिनिटांत भूक लागते आणि वीस मिनिटांत कंटाळा येतो.

खडेबाजार

परफ्युमवर खूप झालं, अत्तराचं मी बोलतो. तीस वर्षं अत्तर लावतो, विकत नाही.

अत्तराला फॅमिली नाही, मोसम आहे. उन्हाळ्यात वाळा, मोगरा, केवडा, गुलाब. पावसात मिट्टी. थंडीत हिना, शमामा, केशर, कस्तुरी. वाळा थंड लागतो आणि हिना गरम लागतो असं जुनी माणसं म्हणतात, तिथं विज्ञान काढू नका, लावून बघा.

कनौजला पद्धत अशी: तांब्याच्या देगमध्ये फुलं आणि पाणी, खाली गोवऱ्या-लाकडाचा विस्तव, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे ती गोळा करायच्या भांड्यात, आणि भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल. फुलाचा वास चंदनात मुरतो. म्हणून खरं मोगऱ्याचं अत्तर लावल्यावर आधी मोगरा आणि दोन तासांनी चंदन येतं. तुमच्या भाषेत फ्लोरलनं सुरू होऊन वुडीवर थांबतं. चंदन इतकं महागलंय की बाजारात बहुतेक ठिकाणी तळाला लिक्विड पॅराफिन आणि वर बनावट सुगंध. तोळ्याला दीडशे रुपयांत गुलाब देतो म्हटला तर तो गुलाब गुलाबाच्या शेतातनं गेलेला नाही, एवढं समजा. वाईटच असतो असं नाही, पण किंमत त्याप्रमाणं द्या.

ताई, तुमच्यासाठी रूह खस. वाळ्याच्या मुळांचा अर्क, त्यात चंदनसुद्धा नाही. तांब्याच्या भांड्यात काढलेला असेल तर हिरवा दिसतो. काडीच्या टोकानं लावायचा, बोटभर नाही. पहिली पंधरा मिनिटं चिखलासारखा वास येतो, घाबरायचं नाही.

खानापुरी

मिट्टी अत्तराचं नाव निघालं म्हणून येतोय. आमच्या खानापूरची माती कौलांना आणि भांड्यांना, केंद्रीय कुंभारकाम संस्थाही इथंच. भट्टीतून काढलेल्या भांड्यावर पहिल्यांदा पाणी ओतलं की जो वास येतो तोच त्या अत्तराचा. कनौजला म्हणे भाजलेल्या मातीचे तुकडेच देगमध्ये घालतात. कणकुंबीच्या बाजूला पाऊस एवढा की जूनच्या पहिल्या आठवड्यात तो वास असतो, मग जो पाऊस लागतो तो गणपतीपर्यंत फक्त शेवाळ आणि ओल्या कपड्यांचा. पहिल्या पावसाचं कौतुक शहरवाल्यांना जास्त.

हिरण्यकेशी

बरोबर. कोरड्या मातीवर, दगडावर थेंब पडताना जे उडतं त्याला पेट्रिकोर हे नाव बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये दिलं, आणि त्यांच्या लेखात कनौजच्या या अत्तराचाही उल्लेख आहे. त्यात दोन गोष्टी: कोरड्या दिवसांत मातीत मुरलेली वनस्पतींची तेलं, आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांनी बनवलेलं जिओस्मिन. आपलं नाक जिओस्मिनला इतकं तिखट की लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असले तरी पकडतं. बीटाला मातीचा वास येतो तोही याचाच. तुम्हाला बीट सोसतं का बघा ताई, नाहीतर परफ्युममध्ये जिओस्मिन जरा जास्त पडलं की ओल्या तळघरासारखं वाटेल.

मलप्रभा_काठ

मला वेगळाच प्रश्न आहे. मैत्रिणीनं एक परफ्युम लावला, सगळे वा वा करतात आणि मला तिच्या मनगटाला नाक लावूनही काही येत नाही. नुसतं स्पिरिट. सर्दी नव्हती.

हिरण्यकेशी

बहुतेक मस्क. मस्क म्हणजे कस्तुरीचा वास. आता परफ्युममध्ये कस्तुरीमृगाची कस्तुरी सहसा कोणी वापरत नाही, प्रयोगशाळेतले मोठमोठे रेणू असतात, आणि अनेकांना त्यातला एखादा मुळीच जाणवत नाही. दुसरा मस्क व्यवस्थित जाणवतो. यात आजार काही नाही. असंच व्हायोलेटच्या फुलातल्या बीटा-आयोनोनचं: एका जनुकातल्या फरकामुळं काहींना ते गोड फूल वाटतं, काहींना आंबूस. अँड्रोस्टेनोन म्हणून एक आहे, तो एकाला व्हॅनिलासारखा, दुसऱ्याला मुतारीसारखा, तिसऱ्याला शून्य. तेव्हा चार लोकांनी छान म्हटलं म्हणून तुमच्या नाकाला तेच पोचतंय असं धरू नका. ऑनलाइन परीक्षणं वाचून बाटली मागवण्यात खरी अडचण हीच आहे.

शहापूरची_सून

मग दुकानात जाऊन बघायचं कसं ते नीट सांगा की. तिथली मुलगी तीन पट्ट्या नाकाखाली धरते, चौथ्यापासून सगळं एक होतं.

हिरण्यकेशी

सकाळी जा, स्वतः काहीही न लावता, जेवण व्हायच्या आधी. एका खेपेला तीन, फार तर चार. आधी कागदी पट्टीवर, पट्टीवर नाव लिहा, दोन मिनिटं थांबा म्हणजे अल्कोहोल उडेल, मग हुंगा. त्यातला जो परत घ्यावासा वाटतो तोच मनगटावर. दुसरा दुसऱ्या हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला. मनगटं एकमेकांवर घासायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, सोडा, वरचा हलका थर लवकर उडतो. नाक दमलं की दुकानात कॉफीच्या बिया पुढं करतात. त्यांचा मोकळ्या हवेपेक्षा जास्त उपयोग होतो असं काही दिसलेलं नाही. बाहेर रस्त्यावर या, नाहीतर स्वतःची बाही हुंगा.

आणि मग विकत न घेता घरी जा. हे सगळ्यात अवघड. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांचा वास बाटली विकायला असतो, तुम्हाला राहायचं असतं तिसऱ्या तासाबरोबर. घरी जाऊन काम करा, तासाभरानं एकदा, दुपारी एकदा, रात्री एकदा हुंगा आणि एक-एक ओळ लिहा. "छान" लिहू नका. गोड, कोरडं, धुरकट, साबणासारखं, आंबट, पावडरसारखं असलं काही लिहा. आठ-दहा वासांचं असं झालं की त्याच त्या शब्दांवर तुम्ही परत येताय हे दिसेल, आणि ती तुमची फॅमिली. चक्रावरच्या नावाशी नाही जुळली तरी हरकत नाही.

बाटलीवरच्या शब्दांचं थोडक्यात: ओ द कोलोनमध्ये सुगंधी तेल साधारण दोन ते चार टक्के, ओ द तॉयलेटमध्ये पाच ते पंधरा, ओ द पार्फममध्ये पंधरा ते वीस. वर्गासाठी तॉयलेट भरपूर. बेळगावच्या थंड हवेत वास जरा दबून राहतो, म्हणून जास्त फवारे मारावेसे वाटतात. मारू नका, बंद वर्गात तीस मुलं असतात.

चिकोडीचा_चिकू

विकत न घेता घरी जा म्हणे. दुकानातली मुलगी काय म्हणेल?

खडेबाजार

म्हणू दे. अत्तराच्या दुकानात तर चहा देतात आणि उद्या या म्हणतात. काचेचे मॉल झाले म्हणून लाजायला लागलो आपण.

राजहंसगड

एक सावधगिरी. आजकाल नैसर्गिक म्हणून लिंबाची, बर्गमॉटची तेलं बाटलीतून थेट कातडीवर लावायचं खूळ आलंय. काही लिंबूवर्गीय तेलं लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहतात. नैसर्गिक असण्यानं ते निर्धोक होत नाही. घरात दमेकरी असेल तर खोलीत फवारू नका, कपड्याच्या आतल्या बाजूला लावा.

तिसरं_गेट

मंडळी, अहवाल द्यायला आले. मध्ये दोन रविवार याच्यात गेले.

आधी खडेबाजारात रूह खस बघितला. काका म्हणाले तसंच, सुरुवातीला चिखल. मी तोंड वाकडं केलं, दुकानदार म्हणाले, बाजार करून या. तासाभरानं मनगटावर माठाच्या पाण्याचा, त्याच्याखाली कुठंतरी शेंगदाण्याच्या टरफलासारखा कोरडा वास. रात्री झोपताना सुद्धा होता. अर्धा तोळाही परवडायचा नाही, पण अगदी छोटी कुपी घेतली. मिट्टी अत्तर मात्र नको झालं. नाकाला छान, अंगावर कोंदट. बीट मला आवडत नाही, तेव्हा हिरण्यकेशींचं खरं ठरलं.

मग मॉलमधल्या दुकानात पुरुषांच्या रॅकवर लॅव्हेंडर-सेजवाला एक बघितला. वरचा भाग मरव्याच्या अगदी जवळ, फार आवडला. दुपारपर्यंत खाली गोडसर काहीतरी उरलं, गाडीतल्या फ्रेशनरच्या वळणाचं, तो बाद. दुसरा तसाच सुरू झाला पण खाली वाळा आणि देवदार. तो राहिला. आणि शहापूरच्या सुनेच्या सासूबाईंना सांगा, बकुळीचं अत्तर आवडलं. वहीत मी तीन वेळा "कोरडं" लिहिलंय.

भावाला कळवलं: ऍरोमॅटिक, खाली वाळा किंवा देवदार, गोड तळ अजिबात नको, ओ द तॉयलेट, आणि आधी छोटा नमुना आण. तो म्हणाला, एवढं तर मी स्वतःच्या लग्नाच्या सूटबद्दल सांगितलं नव्हतं.

निपाणकर

"गोड तळ नको" हे वाक्य चार शब्दांच्या फॅमिलीपेक्षा जास्त कामाचं वाटतंय मला.

वडगावकर

मी पण यादी केली. बायकोनं लिहून घेतली. आवडतात: न्हाव्याच्या दुकानात दाढीनंतर लावतात ते, गवताची गंजी ताजी रचल्यावर, इस्त्री केलेला सुती सदरा, मसाल्याच्या डब्यातलं ते दगडफूल (आता रोज हुंगतो). नावडतात: फळांचे सगळे वास, आणि आमच्या मेव्हण्याचा औदवाला (अगरूच्या लाकडाच्या वासाचा) परफ्युम, तो जिन्यात असला की तिसऱ्या मजल्यावर कळतं. आता सांगा कुठलं खातं. नाही सापडलं तर माझाच मुद्दा खरा.

हिरण्यकेशी

काका, वाळत्या गवताचा तो गोडसर वास म्हणजे कौमरीन. दगडफूल म्हणजे ओकमॉसचा भाऊबंद. न्हाव्याकडच्या त्या पाण्यात बहुधा लॅव्हेंडर. हे तिन्ही एकत्र केले की १८८२ चा फुझेर होतो, तुम्ही घटकाला घटक लावून सांगितलंय. त्या गटातले बरेच सुगंध साध्या किमतीत मिळतात. फक्त गोड झालेले नवे अवतार टाळा, जुन्या वळणाचा मागा, आणि ताईंनी केलं तसं रात्रीपर्यंत अंगावर ठेवून बघा.

वडगावकर

बरं. रविवारी जातो. बायको म्हणते तिच्यासाठी पण सुरंगीचं काहीतरी बघा, त्याचं खातं कुठलं?

शहापूरची_सून

काका, सुरंगीचं खातं बघत बसू नका, मार्च-एप्रिलमध्ये सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजराच आणा त्यांना. तोवर बकुळीचं अत्तर चालेल.